मोगऱ्याचे गाणे आणि निष्ठुर राजकन्या: पुच्चीनीने एका चिनी लोकगीताचे काय केले

जाकोमो पुच्चीनी या इटालियन संगीतकाराच्या ‘तुरानदोत’ या अखेरच्या ऑपेराचा पहिला प्रयोग २५ एप्रिल १९२६ रोजी मिलानच्या ‘ला स्काला’ नाट्यगृहात झाला. या ऑपेरात तुरानदोत या निष्ठुर चिनी राजकन्येची खूण म्हणून जी सुरावट पुन्हा पुन्हा कानावर येते, ती पुच्चीनीने रचलेली नाही. चीनच्या च्यांगसू प्रांताशी जोडल्या गेलेल्या ‘मोलीहुआ’ या लोकगीताची ती चाल आहे. मोलीहुआ म्हणजे मोगरा. मोगऱ्याचे फूल खुडून केसांत माळावे की नाही, एवढ्याशा विचारात पडलेल्या माणसाचे हे गाणे राजपुत्रांची मुंडकी उडवणाऱ्या राजकन्येपर्यंत कसे पोचले, वाटेत त्यातले काय टिकले आणि काय गळाले, आणि रंगमंचावर त्याचा जो परिणाम होतो तो नेमका कशामुळे होतो, हे या लेखात पाहायचे आहे. चाल घेणे ही संगीतकाराच्या कामाची फक्त सुरुवात असते, असे माझे मत आहे. ती चाल कोणाच्या तोंडी द्यायची, कोणत्या प्रसंगाला लागून ठेवायची आणि तिच्या आसपास काय वाजवायचे, हे ठरवण्यातच खरे काम असते.

आधी ऑपेराविषयी थोडेसे सांगायला हवे. आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद वेगळे आणि पदे वेगळी असतात; पद संपले की नाटक पुन्हा बोलू लागते. ‘तुरानदोत’सारख्या ऑपेरात बोलणे जवळजवळ नसतेच, सगळे संवाद गायले जातात आणि वाद्यवृंद पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत वाजत राहतो. त्यामुळे सुरावटीला तिथे दुहेरी काम असते. पात्राने ती गायची असते, आणि पात्र गप्प असतानाही वाद्यवृंदाने ती वाजवून प्रेक्षकाला काहीतरी सांगायचे असते. एखादी सुरावट एका पात्राशी एकदा घट्ट जोडली गेली, की ते पात्र रंगमंचावर नसतानाही नुसत्या सुरांनी त्याची आठवण करून देता येते. मोलीहुआची चाल पुच्चीनीने याच कामासाठी वापरली.

कथा थोडक्यात अशी. पेकिंगची राजकन्या तुरानदोत तिला मागणी घालणाऱ्या प्रत्येक राजपुत्राला तीन कोडी घालते. जो ती सोडवेल त्याच्याशी ती लग्न करणार, आणि जो हरेल त्याचे मुंडके उडवले जाणार. कोणालाच कोडी सुटत नाहीत आणि मुंडकी उडत राहतात. ज्युझेप्पे अदामी आणि रेनातो सिमोनी यांनी ऑपेराची संहिता लिहिली, ती कार्लो गोत्सी या व्हेनिसच्या नाटककाराच्या १७६२ सालच्या नाटकावरून. आणि गोत्सीकडे ही कथा आली ती फारसी कथापरंपरेतून, फ्रेंच भाषांतरांच्या वाटेने. म्हणजे चिनी राजकन्येच्या या कथेत चीनचा वाटा तसा थोडाच होता. पुच्चीनीला ज्या चीनचा भास निर्माण करायचा होता, तो त्याला सुरांतूनच आणावा लागणार होता, आणि स्वतः तो कधी चीनला गेलेला नव्हता.

आता गाण्याच्या मूळ गावाकडे वळू. छियेनलुंग बादशहाच्या काळात, म्हणजे १८व्या शतकाच्या उत्तरार्धात, प्रसिद्ध झालेल्या एका चिनी नाट्यवेच्यांच्या संग्रहात या गाण्याच्या जवळचे शब्द सापडतात. ते एका नाट्यप्रवेशात गायले जात असत. तेव्हा हे गाणे रंगमंचावर पहिल्यांदा पुच्चीनीने नेले असे म्हणता येत नाही. चीनमध्ये ते त्याच्या दीडशे वर्षे आधीपासून रंगमंचावर होते. आज सर्वांना माहीत असलेल्या शब्दांचा भाव असा आहे: किती सुंदर मोगरा, बागेतल्या सगळ्या फुलांहून याचा सुवास अधिक, एक फूल खुडून माळावेसे वाटते, पण बागेची राखण करणारा रागावेल याची भीती वाटते. पुढच्या कडव्यांत भीतीची कारणे बदलतात. कधी लोक हसतील म्हणून, तर कधी पुढच्या वर्षी झाडाला फूट येणार नाही म्हणून हात मागे राहतो. सगळे गाणे या न खुडलेल्या फुलावर उभे आहे.

या चालीने युरोपचा प्रवास पुच्चीनीच्या शंभराहून अधिक वर्षे आधी केला. १७९२ ते १७९४ या काळात लॉर्ड मॅकार्टनी याच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश वकिलातीचे मोठे शिष्टमंडळ छियेनलुंग बादशहाच्या दरबारी गेले होते. त्यात असलेल्या जॉन बॅरो याने १८०४ साली चीनच्या प्रवासाचे पुस्तक छापले आणि त्यात या गाण्याची स्वरलिपी दिली. ती देताना त्याने केलेली तक्रार आजही लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे. ही चाल लंडनमध्ये आधीच छापली गेली आहे, पण तिला सुरुवातीचे आणि शेवटचे तुकडे जोडून, युरोपीय पद्धतीची संगत देऊन इतके नटवले आहे की तिच्यातून साध्या चिनी चालीचा नमुना मिळेनासा झाला आहे; म्हणून चिनी लोक गातात-वाजवतात तशीच, काहीही न जोडता मी ती देत आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. परक्या चालीला आपले अलंकार चढवावेत की नाही हा वाद, निदान या गाण्यापुरता, १८०४ सालीच सुरू झालेला होता.

पुच्चीनीच्या हाती मात्र ही चाल एका यंत्रातून आली. तो मूळचा लुका गावचा. १९२० च्या उन्हाळ्यात तो लुकाजवळच्या बान्यी दि लुका या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी होता. तिथे चीनमध्ये काही काळ राहून आलेल्या फासिनी-कामोसी नावाच्या सरदाराकडे चावी देऊन वाजवायची एक चिनी संगीतपेटी होती, आणि पुच्चीनीने ती ऐकली. ‘तुरानदोत’मधल्या तीन सुरावटी या पेटीतून आल्या असे मानले जाते: एक मोलीहुआ, दुसरी दुसऱ्या अंकातल्या बादशहाच्या गौरवगीताची आणि तिसरी पिंग, पांग आणि पाँग या तीन दरबारी मंत्र्यांच्या प्रवेशाची. याशिवाय चिनी संगीतावरच्या छापील पुस्तकांतूनही त्याने साहित्य जमवले होते.

ही पेटी कशी चालते हे नीट पाहिले, तर पुढचे बरेच काही उलगडते. पेटीत पितळेचा एक दंडगोल असतो आणि त्याच्या अंगावर बारीक खिळे ठोकलेले असतात. शेजारी पोलादाचा फणीसारखा पट्टा असतो. त्याचा प्रत्येक दात वेगळ्या लांबीचा, म्हणून प्रत्येकाचा सूर वेगळा. चावी दिली की दंडगोल फिरतो, खिळे दातांना छेडत जातात आणि चाल वाजते. अशा यंत्रातून शब्द निघत नाहीत. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात नाही, सूर लांबवून त्याला कंप देता येत नाही आणि गाणाऱ्याने ऐन वेळी घेतलेली जागा तर येऊच शकत नाही. गाणे कोणत्या प्रांताचे, कोण गाते, कशासाठी गाते, यातले काहीच पेटी सांगत नाही. तिच्यातून बाहेर येतो तो केवळ सुरांचा क्रम आणि त्यांची लय. पुच्चीनीला मिळाले ते एवढेच, आणि त्याने जे केले ते या एवढ्याशा सामग्रीतून.

तो सुरांचा क्रम मराठी वाचकाला सरगमात सहज दाखवता येतो. आज सर्वाधिक गायल्या जाणाऱ्या मोलीहुआची पहिली ओळ अशी आहे: ग ग प ध सां सां ध, प प ध प. पुच्चीनीला मिळालेले रूप थोडे जुने आणि तपशिलात वेगळे आहे, पण घडण तीच. सगळे गाणे सा, रे, ग, प आणि ध या पाच सुरांत बसते. मध्यम आणि निषाद त्यात नाहीत. भूप रागाचे सूर हेच आहेत, त्यामुळे आपल्या कानाला ही चाल परकी वाटत नाही. मात्र हा भूप नाही, हे लगेच सांगायला हवे. भूपाचे चलन, गंधार आणि धैवत यांचे त्यातले स्थान, मींड हे काहीही इथे नाही, आणि ही चाल शेवटी षड्जावर न येता खालच्या पंचमावर विसावते. चिनी संगीतात पंचमावर विसावणाऱ्या अशा चालींचा स्वतंत्र वर्गच आहे.

मध्यम आणि निषाद नसणे ही पुच्चीनीसाठी फार मोठी गोष्ट होती. पाश्चात्त्य संगीतात एका वेळी अनेक सूर एकत्र वाजतात आणि त्यांच्या गटांमध्ये ताण आणि सुटका यांचा खेळ चालतो. हा ताण मुख्यतः शुद्ध निषाद आणि शुद्ध मध्यम यांच्यामुळे येतो. निषाद षड्जाच्या अगदी लगत असल्यामुळे वर ओढला जातो, मध्यम गंधाराच्या लगत असल्यामुळे खाली ओढला जातो, आणि कान त्या ओढीचा शेवट होण्याची वाट पाहतो. पुच्चीनीची आधीची गाजलेली गाणी, प्रेमाची आणि विरहाची, याच ओढीवर उभी आहेत. मोलीहुआत ही ओढच नाही. अशा चालीखाली नेहमीची धावती संगत घातली असती, तर बॅरोने ज्याची तक्रार केली होती तेच झाले असते, म्हणजे चाल इटालियन वाटू लागली असती. पुच्चीनीने इथे संगत फारशी हलू दिली नाही. सूर तरंगत राहतात, कुठे जाण्याची घाई त्यांना नसते, आणि त्या ठिकाणी रंगमंचावर नेमके तेच हवे होते.

तो प्रसंग पहिल्या अंकातला आहे. कोडी न सुटलेला पर्शियाचा तरुण राजपुत्र चंद्र उगवताच मारला जाणार आहे. नगराबाहेर जमाव जमला आहे आणि रक्ताला चटावला आहे. पात्याला धार लावली जात असताना लोक जल्लादाला हाका मारत आहेत. मग चंद्राची वाट पाहताना हाच जमाव हळूहळू शांत होत जातो. चंद्र उगवतो, आणि पडद्यामागून मुलांचा समूह मोलीहुआच्या चालीवर गाऊ लागतो. त्यांच्या सोबतीला दोन सॅक्सोफोन आहेत, तेही पडद्यामागूनच, आणि गायकवृंद तोंड मिटून गुणगुणतो आहे. ऑपेराच्या वाद्यवृंदात सॅक्सोफोन सहसा नसतो. मुलांच्या कोवळ्या आवाजाला त्याची किंचित घुमणारी जोड मिळाली, की सगळेच दुरून आल्यासारखे ऐकू येते. मुलांच्या शब्दांत मोगरा नाही. ती म्हणतात की पूर्वेच्या डोंगरांवर करकोचा गायला, पण एप्रिल पुन्हा बहरला नाही, बर्फ वितळले नाही. वाळवंटापासून समुद्रापर्यंत हजारो आवाज उसासत आहेत की राजकन्ये, माझ्याकडे ये, मग सगळे फुलेल, सगळे उजळेल. जे गाणे न खुडलेल्या फुलाचे होते, ते इथे न फुललेल्या ऋतूचे झाले. ज्याला दोन्ही गाणी ठाऊक आहेत त्याला हे जुळलेले पाहून आनंद होतो, आणि मला स्वतःला हा संपूर्ण ऑपेरातला सर्वांत हृद्य भाग वाटतो.

यानंतर राजपुत्राची मिरवणूक येते. त्याचे कोवळे वय पाहून मघाशी रक्त मागणारा जमाव आता त्याच्यासाठी दया मागू लागतो. तेवढ्यात वर सज्जात राजकन्या दिसते आणि तीच मुलांची चाल अख्खा वाद्यवृंद, पितळी वाद्यांसह, पूर्ण जोराने वाजवतो. राजकन्या गात नाही, बोलत नाही. हाताची एक खूण करून ती मृत्यूची आज्ञा देते आणि निघून जाते. पहिल्या अंकात तिच्या तोंडी एकही शब्द नाही. प्रेक्षक तिला ओळखतो तो या सुरांनी. काही मिनिटांपूर्वी जी चाल कोवळी होती तीच आता भव्य आणि भयानक झाली आहे. सूर तेच आहेत. वाद्ये, जोर आणि प्रसंग बदलले आहेत. प्रेक्षकाच्या कानात मुलांचे आर्जव अजून ताजे असल्यामुळे त्याला एकाच वेळी दोन गोष्टी कळतात: ही बाई काय करते आहे, आणि लोकांना ती कशी हवी आहे. पुढे दुसऱ्या अंकात, कोड्यांच्या परीक्षेच्या आधी, मुले पुन्हा हीच चाल गातात आणि ते आर्जव प्रेक्षकाच्या मनात जागे ठेवतात. पुच्चीनीने स्वतःची नवी चाल रचली असती, तर बहुधा ती एक तर कोवळी झाली असती किंवा भव्य. या लोकगीताच्या साधेपणात दोन्ही मावले.

पण यात गळाले काय, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. गाणाऱ्याच्या मनातला संकोच गेला, बागेचा राखणदार गेला, च्यांगसू प्रांत गेला. उरला तो ‘चिनी वाटणारा’ सूर. संदर्भ गळाल्याने काय होऊ शकते, याचे ठळक उदाहरण पुच्चीनीच्याच १९०४ सालच्या ‘मादामा बटरफ्लाय’ या ऑपेरात आहे. त्याची कथा जपानमधल्या नागासाकीत घडते आणि त्यात पुच्चीनीने बऱ्याच जपानी चाली वापरल्या. परंतु अमेरिकी संगीत-अभ्यासक डब्ल्यू. अँथनी शेपर्ड यांनी २०१२ साली दाखवून दिले की नायिकेशी जोडलेली एक महत्त्वाची सुरावट चिनी आहे आणि ती एका शृंगारिक चिनी गाण्याची आहे. न्यू जर्सीतल्या एका संग्रहालयातील जुन्या संगीतपेटीवर त्यांना ती सापडली. अशा पेट्या १९व्या शतकात स्वित्झर्लंडचे कारागीर चिनी बाजारपेठेसाठी चिनी चाली घालून बनवत असत. म्हणजे चिनी शृंगारगीत स्विस पेटीतून इटालियन ऑपेरात आले आणि तिथे जपानी मुलीच्या मनाचा आवाज झाले. ‘बटरफ्लाय’चे संगीत यामुळे उणे ठरत नाही, असे मी मानतो. मात्र पुच्चीनीच्या लेखी जपान आणि चीन ही दोन वेगळ्या संगीतांची घरे होती की ‘पूर्व’ नावाचा एकच रंग होता, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो आणि तो टाळता येत नाही.

मालकीचा मुद्दाही इथेच येतो. लोकगीताचा कर्ता कोणी एक नसतो, त्यामुळे परवानगी कोणाची घ्यायची आणि मानधन कोणाला द्यायचे हा प्रश्न कायद्यापुढे उभाच राहत नाही. त्याच सुमारास, १९२१ साली, पुच्चीनीच्या प्रकाशकांनी अमेरिकेतल्या एका लोकप्रिय गाण्याविरुद्ध दावा लावला होता, कारण त्याची चाल ‘तोस्का’ या ऑपेरातल्या पुच्चीनीच्या एका गाण्यावरून घेतली आहे असे त्यांचे म्हणणे होते. दावा ते जिंकले आणि त्यांना २५,००० डॉलरची भरपाई मिळाली. कर्त्याचे नाव माहीत असले आणि नसले, तर केवढा फरक पडतो, हे या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर दिसते. फ्रेंच संगीतकार बिझे याने ‘कार्मेन’ (१८७५) या ऑपेरातल्या ‘हाबानेरा’ या प्रसिद्ध गाण्यासाठी एक चाल लोकगीत समजून घेतली होती. ती इरादिएर या काही वर्षांपूर्वीच वारलेल्या स्पॅनिश संगीतकाराची निघाली, तेव्हा छापील प्रतीत तसा उल्लेख करण्यात आला. आपल्याकडे संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ गाण्याचे पहिले शब्द छापत असत. लावणी असो, ठुमरी असो की कानडी पद, चाल कुठून आली हे वाचकाला तिथल्या तिथे कळत असे आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. ही पद्धत मला फार मोलाची वाटते. ‘तुरानदोत’च्या पानावर मोलीहुआचे नाव असते, तर ऑपेराचे काहीच कमी झाले नसते.

अस्सल मूळ म्हणून एकच पक्के रूप कुठेतरी जपून ठेवलेले आहे, असे मात्र समजू नये. १९४२ साली ‘हे फांग’ नावाच्या तरुण चिनी संगीतकाराने नानजिंगजवळच्या लिउह भागातल्या एका लोककलावंताकडून हे गाणे ऐकून लिहून घेतले. त्या गाण्यात तीन वेगवेगळी फुले होती. या संगीतकाराने तिन्ही कडवी मोगऱ्यावरच आणली, शब्दांत बदल केले आणि १९५० च्या दशकात तेच रूप देशभर पसरले. आज जे ‘पारंपरिक’ म्हणून गायले जाते, तेही अशा एका संपादनातून गेलेले आहे. पुच्चीनीचे रूप त्याहून जुने आहे.

चीनमध्ये अनेक दशके ‘तुरानदोत’चे प्रयोग होत नव्हते; चिनी राजकन्या आणि चिनी जमाव यांचे त्यातले क्रूर चित्रण तिथे खटकत असे. सप्टेंबर १९९८ मध्ये बीजिंगच्या राजवाड्यालगतच्या बादशाही पूर्वजांच्या मंदिरासमोर त्याचे भव्य प्रयोग झाले. दिग्दर्शक होते चिनी चित्रपटकार जांग यिमोऊ, आणि वाद्यवृंदाचे संचालन केले ते मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी. या दोघांनी त्याआधी १९९७ साली फ्लॉरेन्समध्ये हाच ऑपेरा एकत्र केला होता. २००४ साली अथेन्स ऑलिंपिकच्या समारोपात पुढच्या यजमान देशाचा कार्यक्रम जांग यिमोऊ यांनीच बसवला आणि त्यात एका लहान मुलीने मोलीहुआ गायले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पदके देताना वाजणारे संगीतही याच चालीवरून रचलेले होते. जगभरच्या प्रेक्षकांतल्या ज्यांनी पूर्वी ‘तुरानदोत’ ऐकला होता, त्यांनी ही चाल तेव्हा तुरानदोतची म्हणून ओळखली आणि चिनी प्रेक्षकांनी मोगऱ्याची म्हणून. ज्यांना ही चाल नव्याने ऐकायची असेल, त्यांनी आधी चिनी गायिकेच्या आवाजातले, शक्यतो एकाच वाद्याच्या साथीचे गाणे ऐकावे आणि त्यानंतर पहिल्या अंकातला चंद्रोदयापासून राजकन्येच्या खुणेपर्यंतचा भाग सलग ऐकावा. मुलांचा आवाज आणि पितळी वाद्ये यांच्यामधली ती काही मिनिटे गाळू नयेत, कारण चालीचा अर्थ त्याच मिनिटांत बदलतो.